‘पालकांच्या विनंतीवरून’: नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर.

सादर नमस्कार.

मी मानेवाड्यात राहते. घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. मिस्टर कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितात. आम्हाला सोळा वर्षांची लेक आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, डावा हात नीट चालत नाही, बोलणं थोडं आणि उशिरा येतं, अधूनमधून फिटही येते. येत्या फेब्रुवारीत तिला सतरा पूर्ण होतील.

हे पत्र मी शिक्षण विभागाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. तिची शाळा एका खात्याकडे आहे, प्रमाणपत्र दुसऱ्याकडे, अनुदान तिसऱ्याकडे, आणि पुढे काही शिकायचं म्हटलं तर आयटीआय आणखी वेगळ्या खात्याकडे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवू शकेल असं पद जिल्ह्यात एकच आहे. आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

आधी एक कागद दाखवते. लेकीची सहावी संपली तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला आणि मी तो व्हरांड्यातच उभ्याने वाचला. अभ्यासातील प्रगती: साधारण. वर्तणूक: बरी. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

आम्ही विनंती केली नव्हती. दोन वर्षं जवळपास दर महिन्याला मला बोलावून सांगत होते, "बाई, इथं हिचं काही होऊन नाही राहिलं, तुम्ही दुसरीकडे पाहा." शेवटी एक लिहिलेला अर्ज पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं की २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम १६ मध्ये, आठवीपर्यंतच्या कुठल्याही मुलाला शाळेतून काढायला मनाई आहे. म्हणूनच तो अर्ज माझ्या नावाने लिहिलेला होता. शाळेचं नाव मी लिहीत नाही. दहा वर्षांत मला भेटलेल्या कितीतरी आयांच्या फायलीत असाच दाखला आहे, आणि त्यांच्या शाळा वेगवेगळ्या आहेत.

साहेब, माझी पहिली मागणी इथेच आहे. दिव्यांग मुलाच्या दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं कारण आलं की कुणीतरी त्या आईला एक फोन करावा. "तुम्ही खरंच विनंती केली होती का?" एवढंच विचारावं. शाळांना कळलं की असा फोन जातो, तर अर्धे अर्ज लिहिलेच जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

आता त्या दाखल्यात जे नव्हतं ते सांगते.

लेक पहिली ते चौथी घराजवळच्या प्राथमिक शाळेत होती. तिसरीत असताना आठवड्यातून एक दिवस एक विशेष शिक्षिका यायच्या. कंत्राटावर होत्या, बऱ्याच शाळा सांभाळायच्या आणि स्कूटीच्या डिकीत मुलांचं सामान घेऊन फिरायच्या. दोन-तीन महिने त्यांनी फक्त पाहिलं. मग एक दिवस मला म्हणाल्या, "ताई, तिला प्रश्न समजतो. उत्तर यायला वेळ लागतो. आपण मध्येच पुन्हा विचारतो, मग तिची सुरुवात पुन्हा शून्यापासून होते. विचारून झालं की मनात दहा अंक मोजा आणि तोंडाकडे बघत गप्प बसा."

मी घरी येऊन करून पाहिलं. "भाजी कोणती करू?" म्हटलं आणि मोजायला लागले. सहा, सात, आठ. नवावर ती म्हणाली, "वांगं." इतकी वर्षं मी तिला विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते.

त्याच बाईंनी तिच्या डेस्कवर एक तिरकी फळी ठेवली. सुताराकडून करून घेतलेली, खालून दोन पाचर लावलेली, वर वही सरकू नये म्हणून पट्टी. डाव्या हाताने वही धरता येत नव्हती, ते काम पट्टीने केलं. चौथीच्या शेवटी लेक स्वतःचं नाव, बाबांचं नाव आणि घराचा नंबर लिहीत होती. अंक वीसपर्यंत. मधल्या सुट्टीत डबा स्वतः उघडत होती.

पाचवीला शाळा बदलली. आपल्याकडे बऱ्याच शाळा अजून चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाची शाळा तिथे बदलते. बाकीच्या मुलांचं दाखला आणि गुणपत्रक एवढ्यावर भागतं. माझ्या लेकीचं भागलं नाही. नवीन सर चांगले होते, मनाने वाईट नव्हते. एक प्रश्न विचारायचे, दोन सेकंद थांबायचे, मोठ्या आवाजात पुन्हा विचारायचे, मग आणखी मोठ्या. तिने कान झाकायला सुरुवात केली. मग बाकाखाली बसायला लागली. दिवाळीपर्यंत तिचं नाव लिहिणं गेलं. मी सरांना दहा अंकांचं सांगायला गेले, तर पन्नासच्या वर पोरं होती वर्गात, आणि मी कोण, ब्लाउज शिवणारी आई. "बघतो," म्हणाले. तेच जर आधीच्या बाईंनी त्यांना समोर बसून सांगितलं असतं, एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला, तर पहिल्या आठवड्यात ते झालं असतं. फळी आम्ही घेऊन गेलो होतो. ती कपाटावर ठेवली गेली.

या पत्रातली मुख्य मागणी हीच आहे. आमची मुलं एका वर्गात, एका शाळेत असेपर्यंत कुणीतरी चांगला माणूस त्यांना ओळखतो आणि काहीतरी उमगतं. दार बदललं की ते सगळं मागच्याच दारात राहतं. अंगणवाडीतून पहिलीत, चौथीतून पाचवीत, साध्या शाळेतून विशेष शाळेत, शाळेतून बाहेर, अशा प्रत्येक उंबरठ्यावर मुलाला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख करून देण्याचं काम एकट्या आईवर पडतं.

माझ्याकडे बटणाची एक निळी प्लास्टिकची फाईल आहे. दोनदा फाटली, दोनदा नवी घेतली. त्यात दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं आहेत, पाच वर्षांची असतानाचं एक, दहाची असतानाचं एक, स्वावलंबन कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, झेरॉक्स, बुद्ध्यांकाचे अहवाल, फिटच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बोनाफाईड सात वेळा. गर्भारपणात काय झालं होतं, बाळ जन्मल्यावर रडलं होतं का, मान कधी धरली, ही गोष्ट मी आजवर किती टेबलांसमोर सांगितली याचा हिशेब नाही. एका खिडकीवर तर मागे रांग उभी असताना मोठ्याने सांगावी लागली. लेक शेजारीच उभी होती. तिला सगळं समजतं, फक्त उत्तर दहाव्या अंकाला येतं.

कायदे कमी आहेत असं मी म्हणणार नाही. या दहा वर्षांत मी कायदे वाचायला शिकले. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आली. कलम ३१ सांगतं की ४० टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत हे निवडायचा हक्क त्याचा. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता. आपल्या राज्याने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला.

विशेष शिक्षकांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दिव्यांग १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, तोही कायम पदावर. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या दर केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदं मंजूर केली. ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्या शिक्षिकांनी कंत्राटावर उमेदीची वर्षं काढली त्यांच्यासाठी मला मनापासून आनंद झाला. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. आठवड्यातून एकदा स्कूटीवर येणाऱ्या बाईंना जे दोन-तीन महिने पाहून कळलं, ते पुढच्या शाळेपर्यंत पोहोचवायची जबाबदारी कुणाच्या कामात लिहिलेली नसेल, तर पद कायम झालं तरी ते ज्ञान हंगामीच राहील.

यात विदर्भाची एक वेगळी अडचण आहे, ती मुंबई-पुण्यातल्या कागदावर दिसत नाही. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. बाकीच्या पोरांना ती सुट्टी. माझ्या लेकीसाठी तो दोन महिन्यांचा खड्डा आहे. थेरपीला न्यायचं तर दुपारी डोक्यावर पंचेचाळीस डिग्री, आणि उन्हात तिला हमखास फिट येते. जूनमध्ये ती परत उभी राहते तेव्हा मार्चमधलं निम्मं गेलेलं असतं. त्यात शाळाही बदललेली असेल तर नवीन शिक्षकांना ती कोऱ्या पाटीसारखी दिसते, आणि ते तसंच लिहून ठेवतात. म्हणून मी म्हणते की दार बदलायचं काम जूनमध्ये करूच नका. ते एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेत करा. जुन्या शिक्षकांनी, नव्या शिक्षकांनी, आईबापांनी आणि मुलाने एक तास एकत्र बसायचं. मुलाने नवी शाळा तीनदा बघायची: एकदा रिकामी, एकदा मधल्या सुट्टीत, एकदा वर्गात बसून. संडास कुठे, पाणी कुठे, जिना किती पायऱ्यांचा. आणि चार पानं लिहून द्यायची. पहिल्या पानावर आजाराचं नाव नको. हिला काय येतं, काय आवडतं, कशाने बिथरते, बिथरली तर काय करायचं, प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं, वही कशी ठेवायची, हे हवं. वैयक्तिक शिक्षण आराखडा नावाची गोष्ट आहेच. तो आराखडा शाळेच्या कपाटात न राहता मुलासोबत पुढे जावा, आईच्या पिशवीतून नव्हे, शाळेकडून शाळेकडे, पोच घेऊन.

हे अशक्य नाही, कारण माझ्यासोबत एकदा झालेलं आहे. सातवीच्या वर्षी लेक विशेष शाळेत गेली. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी फाईल उघडलीच नाही. मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "कागद नंतर पाहू जी. आधी सांगा, ही हसते कशाने?" दीड तास त्या लिहून घेत होत्या. मी बाहेर पडले तेव्हा माझे पाय हलके झाले होते. दुसऱ्या आठवड्यात ती फळी परत डेस्कवर आली. नाव लिहायला पुन्हा चौदा महिने लागले.

मी विशेष शाळेच्या बाजूची आणि साध्या शाळेच्या विरोधातली आहे असं यातून कुणी समजू नये. हा वाद आम्हा आयांमध्येही चालतो आणि मी दोन्हीकडे राहून आले आहे. साध्या शाळेत तिला ज्या दोन मैत्रिणी मिळाल्या, त्या आजही तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, तिला घ्यायला येतात. आमच्या गल्लीतल्या सुताराने तिच्या लाकडी नंदीला जाड दोरी बांधून दिली, म्हणजे एका हाताने ओढता यावा. ती इतर पोरांसोबत रांगेत उभी राहते, तिचाही नंदी सजतो, तिलाही बोजारा, म्हणजे सणाची भेट, मिळतो. वस्तीला हे जमतं, ते पाहत मी मोठी झाले. नागपूर तर सेवेच्या कामात जुनं शहर आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृ सेवा संघ ही बाळंतिणींची सेवा करणारी संस्था सुरू केली. शंकरनगरात बधिर मुलांची शाळा आहे, अंबाझरीकडे अंध मुलांची. लागूनच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमटेंच्या आनंदवनात दिव्यांगांच्या हातांना काम शिकवणारं संधीनिकेतन उभं राहिलं. आपल्या भागाला हे कुणी बाहेरून येऊन शिकवावं लागत नाही.

दहावीच्या सवलतींबद्दल थोडंच लिहिते. लेखनिक, जादा वेळ, विषयांतली सूट, हे सगळं आहे. पण प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाला लिहिताना अक्षरं उलटी दिसतात. त्याच्या आईला अध्ययन अक्षमतेच्या सवलती दहावीच्या जानेवारीत कळल्या, त्याही शिकवणीच्या बाहेर उभं असताना दुसऱ्या बाईकडून. नववीच्या पहिल्या पालकसभेत हे फळ्यावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येते. अठरा.

माझ्या पोटात गोळा येतो तो या आकड्याने. कलम ३१ चं मोफत शिक्षण अठराला संपतं. बहुतेक विशेष शाळांचं वयही तिथेच संपतं. आणि त्याच दिवशी कायद्याच्या नजरेत मी तिची पालक राहत नाही. ती सज्ञान होते. सही तिची लागते, आणि ती करू शकेल अशी सही बँकेला चालत नाही. आमच्या शिलाईच्या गिऱ्हाइकांतल्या एका बाईंचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. वडील गेले, त्यांची पेन्शन मुलाच्या नावाने होऊ शकत होती, तेव्हा कुणीतरी विचारलं, कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र कुठे आहे? सहा वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं की असं काही काढायचं असतं.

ते प्रमाणपत्र १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक स्तर समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती. समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बसावं असं कायद्यात आहे. म्हणजे माझ्या लेकीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उंबरठा तुमच्या टेबलावर आहे, साहेब. म्हणून पत्र तुम्हाला.

या समितीबद्दल दोन गोष्टी मागते. एक, ज्या मुलाला हे लागणार त्याच्या घरी सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास चिठ्ठी जावी. मुलं शाळेच्या पटावर आहेत, जन्मतारखा आहेत, प्रमाणपत्रांची नोंद ऑनलाइन आहे. मग आईने शोधत यायचं कशाला? रामटेक, भिवापूर, नरखेडकडच्या आयांनी सिव्हिल लाइन्समधल्या तुमच्या कचेरीपर्यंत एका दिवसाची मजुरी बुडवून यायचं, तर तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शिबिर का होऊ नये?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पालकत्व देताना मुलाला विचारा. त्याच्यासमोर, त्याच्या वेळाने. मला तिच्या वतीने सही हवी आहे, तिच्या वतीने सगळं ठरवायचा परवाना नको आहे. मी गेल्यावर तिने काकाकडे राहावं की मावशीकडे, यावर तिचं मत आहे. ते मला ठाऊक आहे, कारण मी विचारून थांबले होते. ते मत कागदावर यायला हवं.

आणि अठरानंतर दिवसभर काय करायचं? आमच्या शाळेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली मुलं मी मोजली. अकरापैकी आठ घरी बसून आहेत. त्यातल्या दोघांचं वजन वाढलं, एकाने बोलणं जवळपास सोडलं. त्यांच्या आयांनी कामं सोडली आहेत. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना आठवी किंवा दहावी लागते, ती या मुलांकडे नाही. मग उरतात पणत्या, कागदी पाकिटं आणि मेणबत्त्या. पणत्या रंगवण्यात काही कमी नाही. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक बौद्धिक अक्षम मुलाला पणतीच आवडते असं कसं असेल?

माझ्या लेकीचं सांगते. ती माझ्या मशीनजवळ बसून बटणं वेगळी करते. दोन छिद्रांची, चार छिद्रांची, आणि मागे कडी असलेली. मी एकदा मुद्दाम तिन्ही मिसळून अर्धा किलोचा डबा दिला. संध्याकाळपर्यंत तीन वाट्या भरल्या होत्या, मी नंतर तपासलं, एक बटण चुकलं नव्हतं. माझ्याकडून चुकतात. तिला एकसारखं, नेमकं, शांत जागी करायचं काम जमतं. बुटीबोरीच्या आणि हिंगण्याच्या कारखान्यांत असं काम करणारे कितीतरी पॅकिंगचे विभाग असतील. मोठ्या दवाखान्यांत कपडे घडी घालून मोजायचे असतात. वाचनालयात पुस्तकं क्रमाने लावायची असतात. २०१६च्या कायद्यात कलम ३५ आहे, खाजगी मालकांनी निदान ५ टक्के कामगार दिव्यांग घ्यावेत म्हणून सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावं असं ते सांगतं. पण अठरा वर्षं तीन महिन्यांच्या मुलीला एकदम कारखान्याच्या दारात उभं केलं तर ती कान झाकून खाली बसेल. तिला चौदाव्या वर्षापासून आठवड्यातले दोन तास खऱ्या जागी न्यायला हवं होतं. शिक्षिका सोबत, सुरुवातीला फक्त बघायला. मग एक काम. मग बसने येणं-जाणं.

प्रवासाचं उदाहरण माझ्या घरचं आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून दर रविवारी मी तिला अजनी चौकातून मेट्रोत बसवायला लागले. नारिंगी मार्गिकेने सीताबर्डी, तिथे उतरून ॲक्वा मार्गिका, शंकरनगरला उतरायचं, आइस्क्रीम खायचं, परत. तिला वाचता येत नाही, पण रंग कळतात. पहिले पाच रविवार तिने माझा पदर सोडला नाही. नवव्या रविवारी सीताबर्डीला मी मुद्दाम मागे राहिले. ती थांबली, वर पाट्यांकडे पाहिलं, आणि माझा हात धरून मला बरोबर जिन्याकडे घेऊन गेली. अजून ती एकटी जात नाही, कदाचित कधीच जाणार नाही. पण आता रस्ता ती दाखवते. हे शिक्षणच आहे, आणि ते कुठल्या प्रगतिपुस्तकात नाही.

म्हणून विनंती आहे की चौदाव्या वर्षी प्रत्येक दिव्यांग मुलाच्या आराखड्यात ‘अठरानंतर’ असं एक पान सक्तीने असावं. मूल कुठे राहील, काय करेल, कशाने जाईल-येईल, कोण सोबत असेल. दरवर्षी ते पान पुन्हा उघडायचं. आयटीआयचे प्राचार्य, उद्योग केंद्राचं कुणी, विशेष शाळेचं कुणी आणि दोन पालक वर्षातून दोनदा तुमच्या दालनात बसले तरी सुरुवात होईल.

पैशाचं विचाराल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी वापरायचा आहे. त्यातून सायकली, यंत्रं, साहित्य वाटलं जातं, आणि ज्याला ते लागतं त्याचं आयुष्य त्याने बदलतं, हे मी पाहिलं आहे. त्याच निधीतला थोडा भाग माणसासाठी ठेवता येईल का, एवढं तपासावं. प्रत्येक तालुक्यात आणि शहराच्या प्रत्येक झोनमध्ये एक माणूस, ज्याचा फोन लागतो, ज्याला दहा खात्यांची दारं माहीत आहेत आणि जो मूल सहा वर्षांचं असल्यापासून पंचवीसचं होईपर्यंत बदलत नाही. निदान लवकर बदलत नाही. अनुभवी आयांमधूनच असा माणूस नेमता येईल. आमच्यात अशा बायका आहेत की त्यांना शासन निर्णय तारखेसकट पाठ आहेत, कारण त्यांच्यावर ती वेळ आली.

आयांबद्दल एवढंच. विशेष शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली रोज सकाळी दहा ते चार आम्ही सात-आठ जणी बसतो. सोडून घरी जायचं आणि परत यायचं तर ऑटोचे दुप्पट पैसे लागतात, म्हणून तिथेच डबा खातो. मी हातशिलाई घेऊन जाते. एक जण भाजी निवडते. एकीने याच झाडाखाली बसून बारावीचा अभ्यास केला आणि पास झाली. मुलाला घरीच शिकवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने आली, ती अतिगंभीर मुलांसाठी गरजेची आहे, पण कुणी ‘घरीच शिकवा ना’ म्हणतं तेव्हा मला या झाडाखालच्या बायका आठवतात. घरी बसलेल्या मुलासोबत एक आईही घरी बसते. आम्हाला शाळेत एक खोली आणि एक पंखा मिळाला, तर तिथेच आमची पालकसभा होईल, नव्या आयांना जुन्या आया सांगतील. ही मागणी लहान आहे, पण लिहून ठेवते.

माझ्या लेकीकडे आता एक वर्ष आणि काही महिने आहेत. तिच्यासाठी चौदाव्या वर्षाचं पान उशिराचं झालं आहे, हे मला कळतं. तिच्या मागे आमच्या शाळेत चौदाच्या आतली तेवीस मुलं आहेत, त्यांना वेळ आहे.

तुम्ही भेटीची वेळ दिलीत तर आम्ही चौघी-पाच जणी येऊ, मुलांना घेऊन. निळी फाईल आणीन, ती तिरकी फळीही आणीन, ती पाहिल्याशिवाय समजत नाही. शक्य झालं तर सकाळी अकराच्या आधीची वेळ द्यावी. नंतर ऊन चढतं आणि तिला त्रास होतो.

आपली,
एक आई
मानेवाडा, नागपूर